सामासिक की सामाईक

आमच्या घरात ‘सामाईक’ हा शब्द कुणी सहज उच्चारत नाही. उच्चारलाच तर आई चटकन दुसरा विषय काढते. दूध आलं का, कुकरची शिट्टी झाली का, असलं काहीतरी.

आमचं गाव गडहिंग्लजच्या पुढं. तिथं आजोबांचं घर आणि त्यांच्या सख्ख्या भावाचं घर यांच्यामध्ये एक बोळ होता. कागदोपत्री सामाईक. आजोबांचं म्हणणं, त्यातून आमचा जायचा-यायचा रस्ता. त्यांच्या भावाचं म्हणणं, तिथं आमचं जळण राहणार. त्या बोळापायी दोन्ही घरं कोर्टात गेली आणि कोर्टातच राहिली. माझे वडील, त्यांना मी अप्पा म्हणते, आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे तात्या, दोघं लहानपणी आजोबांचा डबा घेऊन कोर्टाच्या आवारात बसायचे. आजोबा गेले त्या दिवशी त्यांचा भाऊ बोळाच्या पलीकडं उभा राहिला, अलीकडं आला नाही. हे सगळं तात्या सांगतात. अप्पांनी कधी एक वाक्य सांगितलेलं नाही.

आता अप्पा शिरोलीच्या एका कारखान्यात लेथवर काम करतात आणि आम्ही कोल्हापुरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. तात्या इचलकरंजीला मागाच्या शेडमध्ये जॉबर आहेत, म्हणजे बंद पडलेले माग चालू करून देणारे. उमेदीची सगळी वर्षं मागाच्या खडखडाटात गेल्यामुळं त्यांना कमी ऐकू येतं, आणि आपल्याला येत नाही म्हणजे कुणालाच येत नसणार अशा हिशेबानं ते बोलतात. त्यांचा फोन आला की आई तो हातभर लांब धरते.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मराठी विषय घेऊन. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळं घरात आलेला प्रत्येक कागद माझ्यापुढं येतो. बँकेचा मेसेज, डॉक्टरची चिठ्ठी, वीजबिलावरचा बारीक मजकूर. त्यातलं बरंचसं मला कळत नाही, आणि कळत नाही हे कसं सांगायचं तेही कळत नाही. म्हणून मी ‘बहुतेक’ म्हणते.

“बहुतेक काय?” अप्पा चिडतात. “हाय का न्हाय, एवढं सांग की.”

दोघा भावांनी मिळून शहराच्या दक्षिण टोकाला एक प्लॉट घेतला. त्याआधी नदीच्या बाजूची एक जागा बघितली होती, पण ती पूररेषेच्या आत. तिथं बांधायला परवानगी नाही म्हटल्यावर तात्या म्हणाले, “बरं झालं. घर कुठलं, होडीच बांधाय लागली असती.” हा प्लॉट उंचावर आहे, रस्ता चांगला आहे, फक्त रुंदीला कमी आहे. तात्यांना इचलकरंजी सोडायची होती. कान आणखी जायच्या आत त्यांना मागापासून लांब यायचं होतं. अप्पांच्या मनात एकच गोष्ट होती. दोन घरं, दोन दारं, मध्ये भिंत, आणि भिंतीच्या पलीकडं भाऊ.

अप्पा त्याला ‘डुप्लेक्स’ म्हणायचे. रिंगरोडवरच्या कुठल्यातरी मोठ्या फलकावर त्यांनी तो शब्द वाचला होता आणि डुप्लेक्स म्हणजे डबल, म्हणजे दोघांचं, असा त्यांनी अर्थ लावला होता. इंजिनियरनं पहिला नकाशा काढून आणला तो एकाच घराचा. एकच दार, आत जिना, वर खोल्या.

“आन माझा भाऊ कुठनं आत येनार?” अप्पांनी विचारलं.

इंजिनियर तरुण आहे. तो हसला नाही, याचं मला बरं वाटलं. त्यानं समजावलं, की डुप्लेक्स म्हणजे एकाच कुटुंबाचं दोन मजली घर; तुम्हाला पाहिजे ते जोडघर. मग त्यानं दुसरा नकाशा काढला. अप्पा अजूनही त्याला डुप्लेक्सच म्हणतात.

त्या दुसऱ्या नकाशात आमच्या घराच्या पुढच्या अंगाला, मधल्या भिंतीला लागून, एक लहानशी चौकट होती. तिच्यात ‘अभ्यास’ असं लिहिलं होतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं. अप्पांनीच इंजिनियरला सांगितलं असणार. आमच्या दोन खोल्यांत मी आईच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून वाचते, कारण दिवा तिथं नीट पडतो, आणि आत-बाहेर जाणारा प्रत्येक जण माझ्या पुस्तकावरून जातो. त्या चौकटीकडं मी इतक्यांदा बघितलं, की नकाशाची घडी त्याच जागी मऊ पडली. खोलीला खिडकी दाखवली होती. तिच्याखाली टेबल बसेल का, दार उघडलं की टेबलाला लागेल का, याचा मी वर्गात बसूनसुद्धा विचार करायची. घर व्हावं म्हणून मी अस्वस्थ होते की ती खोली मिळावी म्हणून, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

इंजिनियरनं नकाशाबरोबर एक पानही दिलं. अप्पांनी हट्टानं ‘सगळं मराठीत पायजे’ म्हटलं होतं, म्हणून त्यानं नियमांचा सारांश मराठीत छापून आणला होता. अप्पांनी तात्यांना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि पान माझ्या हातात दिलं. “वाच. मोठ्यानं वाच.”

तात्या शेडमध्येच होते. फोनमधून आधी माग आले, मग तात्या.

“बोल गं!”

मी वाचलं, “इमारतीच्या सर्व बाजूंना ठरवून दिलेलं सामासिक अंतर सोडावं लागेल.”

“काय सोडाय लागंल?”

“अंतर, तात्या. सामासिक अंतर.”

“सामाईक?”

“न्हाय. सामासिक. सि.”

“सामाईक अंतर? दोघांत?” मागांच्या वर त्यांचा आवाज चढला. अप्पांना ते अण्णा म्हणतात. “अण्णा! अण्णा ऐकतोयस न्हवं? तूबी बोळ ठेवायलायस व्हय रं मधी? एका बोळापायी भांडता भांडता म्हातारा गेला. मला नगो. मी हितंच बरा हाय.”

“आरं ऐक तरी…”

फोन बंद झाला. अप्पांनी तो उलटा करून ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. “काय लिवलंय ते? त्येचा अर्थ काय?”

मला माहीत नव्हतं. माझ्या पुस्तकात सामासिक शब्द होते. दोन शब्द जवळ येतात, मधलं काहीतरी गळून पडतं आणि त्यांचा एक शब्द होतो. भाजीभाकरी. आईवडील. पण अंतर कसं सामासिक असेल? जवळ आल्यावर समास होतो आणि इथं तर लांब राहायला सांगत होते. मी पान उलटं करून बघितलं. मागं कोरं होतं.

“बहुतेक…” मी म्हटलं.

अप्पा उठून बाहेर गेले. चप्पलसुद्धा न घालता. आई भांडी लावत होती, ती माझ्याकडं न बघता म्हणाली, “मराठी शिकतीस न्हवं?” तिला टोमणा मारायचा नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं. म्हणूनच ते जास्त लागलं.

पुढचे काही दिवस तात्यांनी फोन उचलला नाही. अप्पा कामावरून आले की नकाशा काढत, बघत आणि ठेवून देत. इंजिनियरला विचारायचं तर तो बाहेरगावी गेलेला. मला काही सुचेना. वर्गात सर समास शिकवत होते आणि मला प्रत्येक समासात एक बोळ दिसत होता. शेवटी एक दिवस शेवटचा तास बुडवून मी महापालिकेच्या नगररचना विभागात गेले. कॉलेजच्या ओळखपत्राची दोरी गळ्यात तशीच होती. ती काढून पिशवीत टाकली, मग परत घातली. कशानं माझं कुणी ऐकेल, तेच ठरेना.

दारातल्या शिपायानं विचारलं, “पावणं, कुणाकडं काम हाय?”

“एक शब्द इचारायचाय.”

“काय?”

“शब्द. म्हंजे अर्थ.”

त्यानं आतल्या टेबलाकडं बोट केलं आणि मोठ्यानं सांगितलं, “सायेब, हिला शब्द पायजे!” दोन-तीन माणसं वळली. आमच्याकडं मुलीसुद्धा ‘मी जातो, मी येतो’ असंच बोलतात. मी लिहिताना मात्र ‘जाते’ लिहिते. कॉलेजनं माझ्यात अजून तरी एवढाच फरक केला आहे. त्या टेबलापुढं तोही टिकला नाही. “मी… मी आलेली… आलोय,” असं काहीतरी बोलून मी पान पुढं केलं.

टेबलामागचे गृहस्थ वयस्कर होते. त्यांनी चष्मा वर केला. “सामासिक अंतर? समास म्हणजे मार्जिन, बाळ. तुझ्या जागेची हद्द आणि तुझी भिंत, यांच्यातली मोकळी जागा. हवा खेळायला, उजेडाला, आग लागली तर माणूस आत जायला.”

“ती जागा कुणाची?”

“कुणाची म्हणजे? तुझीच. फक्त बांधायचं नाही तिथं.”

“शेजाऱ्याची न्हाय? दोघांची न्हाय?”

“नाही. त्याची त्यानं सोडायची, तुझी तू.”

मला एवढं हलकं वाटलं, की मी तशीच वळून निघाले. त्यांनी हाक मारली. “अगं, प्लॉट केवढा?” मी नकाशा काढून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी टेबलावर पसरला. “हे जोडघर आहे. दोघांनी एकत्र अर्ज करायचा, एकदम बांधायचं. मग मधल्या बाजूला अंतर सोडावं लागत नाही, फक्त बाहेरच्या बाजूंना. पण एकटा-एकटा आलात, तर प्रत्येकानं आपल्या तुकड्यात दोन्हीकडं सोडायचं. ह्या रुंदीत काय उरेल मग? आत दोन बाजूंना बाकडी टाक, झाली एस.टी.”

बसमधून घरी येताना मी ते मनात घोळवत होते. तात्या आले तर घर. तात्या आले नाहीत तर एस.टी. आणि एस.टी.त अभ्यासाची खोली नसते.

घरी आल्यावर मी ते पान पुन्हा वाचायला घेतलं. त्या दिवशी फोन पहिल्याच ओळीवर बंद झाला होता, पुढचं कुणी वाचलंच नव्हतं. खालच्या बाजूला एक ओळ होती: ‘जोडघराच्या बाबतीत मधली भिंत सामाईक राहील.’

मी ती पुन्हा पुन्हा वाचली. इथं सि नव्हता. इथं खरोखर सामाईकच होतं.

रविवारी तात्या आले. आईनं काकूला फोन करून, रडून, काय केलं मला माहीत नाही. पण काकू त्यांना घेऊन इचलकरंजीच्या गाडीनं आली. तात्या भिंतीला टेकून बसले. अप्पा समोर. दोघांनी एकमेकांना तब्येत विचारली, म्हणजे भांडण होतं हे नक्की.

आईनं चहा दिला. तात्या बशीत ओतून म्हणाले, “वैनी, साखर वाढली काय हो कोल्हापुरात?”

“तुमी आलाय म्हणून घातली, भावजी.”

“मग न येऊन चालंल. साखर वाचंल.”

मी माझी वही घेऊन त्यांच्या उजव्या बाजूला बसले, तो कान जरा बरा आहे. “तात्या, शाळंत असताना वहीला समास आखायचा न्हवं तुमी?”

“काय?”

“समास! डाव्या बाजूला रेघ!”

“व्हय की. मास्तर पट्टीनं आखून घ्यायचा. त्यात लिवलं की त्याच पट्टीनं हानायचा.”

“समासातला कागद कुणाचा? मास्तरचा?”

“मास्तरचा कसा? वही आमची. बापानं आनलेली.”

“तेच हाय हे. जागा तुमची, पण कडंला रेघ आखायची आन तिच्या भाईर बांधायचं न्हाय. त्याला सामासिक अंतर म्हणत्यात. तुमचं तुमच्याकडं, आमचं आमच्याकडं. दोघांत बोळ न्हाय.”

तात्यांनी वही हातात घेतली. रेघेवरून अंगठा फिरवला. “म्हंजे मी सामाईक ऐकलं.”

“मागाचा आवाज हुता.”

“मग त्या दिवशीच सांगायचं न्हाईस व्हय?”

“मला म्हाईत नव्हतं,” मी म्हटलं. हे वाक्य मी त्या घरात पहिल्यांदाच बोलले असेन. अप्पांनी वर बघितलं.

तात्या हसले. काकू हसली. आई पदरानं तोंड पुसत आत गेली. अप्पांनी नकाशा काढला. सगळं तिथंच मिटलं असतं. पान माझ्या वहीत घडी घालून होतं. ती खालची ओळ अजून कुणी वाचली नव्हती. इंजिनियरनं सांगितली असती तर सांगितली असती. तोवर अर्जावर दोघांच्या सह्या झाल्या असत्या. नकाशावर तात्यांचं बोट माझ्या खोलीच्या अगदी जवळ होतं. मला वाटलं, आज नको. मग वाटलं, भिंत अर्धी उठल्यावर हा शब्द यांना कळला तर ते काय करतील? आणि तो कुणी दडवून ठेवला होता म्हणतील?

“तात्या, अजून एक ओळ हाय,” मी म्हटलं आणि वाचली. या वेळी मोठ्यानं, एकदाच. त्यांना ऐकू आलं.

त्यांनी नकाशावरचं बोट काढलं.

“बघ,” ते अप्पांना म्हणाले. खूप हळू म्हणाले, त्यांच्या मानानं. “हाय का न्हाय?”

“आरं, भिंत हाय ती. बोळ न्हाय.”

“बोळबी आधी नुसता बोळच हुता, अण्णा. तुझ्यामाझ्यात काय न्हाय. उद्या खिळा मारण्यावरनं पोरं भांडतील. तुझा खिळा माझ्यात आला म्हणून.”

“कुठली पोरं? ही?” अप्पांनी माझ्याकडं हात केला. “हिला खिळा मारायला येतोय काय?”

कुणी हसलं नाही. मला उठून जावंसं वाटत होतं आणि उठता येत नव्हतं. तेवढ्यात काकू म्हणाली, “दोन भिंती घाला की. ह्येंची ह्येंना, तुमची तुमाला. पाठीला पाठ.”

“भावाभावात दोन भिंती?” अप्पांचा आवाज एकदम चिरकला. मी त्यांचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. “मग जोडून तरी कशाला बांधायचं?”

“दोन भिंती असल्या तर मी येतो,” तात्या म्हणाले. “एक असली तर न्हाय. मला रातचं झोप लागायची न्हाय, अण्णा. तुला म्हाईत हाय.”

अप्पांना माहीत होतं. डबा घेऊन बसलेली ती दोन पोरं मला त्या वेळी दिसली असं मी लिहिणार होते, पण ते खरं नाही. मला नकाशातली चौकट दिसत होती.

मी इंजिनियरला फोन लावला. तो म्हणाला, अर्ज एकत्र करा, बांधकाम एकदम करा. मधे पाठीला पाठ लावून दोन भिंती घालायला अडचण नाही, वरून फट बंद करायची म्हणजे पाणी मुरत नाही. “फक्त प्रत्येकाची थोडी रुंदी जाईल. मधल्या भिंतीला लागून ज्या खोल्या आहेत, त्यातनं.”

मी ते सगळ्यांना सांगितलं. शेवटचं वाक्यही सांगितलं.

अप्पांनी नकाशा पाहिला आणि पाहतच राहिले. आमच्या बाजूला भिंतीला लागून स्वयंपाकघर होतं आणि ती चौकट. स्वयंपाकघर आधीच आईला वळता येईल एवढंच.

“ही कसली खोली?” तात्यांनी विचारलं.

“हिची,” अप्पा म्हणाले. “वाचायची.”

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता ते म्हणतील, जाऊ दे, एकच भिंत घाला. मला ते हवं होतं. फार हवं होतं. पण ते तसं म्हणाले नाहीत, आणि आता वाटतं, त्यांना ते म्हणता येण्यासारखं नव्हतंच. ते म्हणाले, “टेबल बसंल काय गं तुझं?”

“बहुतेक,” मी म्हटलं.

अप्पा त्या वेळी चिडले नाहीत.

अर्ज दिला आहे. मंजुरी अजून आलेली नाही. नवा नकाशा आला आहे; त्यात ‘अभ्यास’ हा शब्द आता चौकटीत आडवा मावत नाही, उभा लिहिला आहे. मी कॉलेजातून येताना रोज मोबाईल बघते, इंजिनियरचा मेसेज आहे का. अप्पा विचारत नाहीत, फक्त मी आत आले की माझ्या तोंडाकडं बघतात.

गेल्या रविवारी आम्ही सगळे प्लॉटवर गेलो. अप्पांना धीर निघेना. त्यांनी फक्कीची पिशवी आणली होती, पांढरी भुकटी, बांधकामाच्या रेघा मारतात ती. मंजुरीआधी काही करायचं नसतं, पण रेघा मारायला कोण अडवतंय, असं त्यांचं म्हणणं. तात्यांनी दोरी धरली, अप्पांनी भुकटी सोडली. आधी चारी बाजूंचा समास. मग मधल्या दोन रेघा, एकीला लागून दुसरी. पहिली अप्पांनी मारली. दुसऱ्या वेळी तात्यांनी दोरी अप्पांच्या हातात दिली आणि भुकटी स्वतः घेतली. त्यांची रेघ जरा वाकडी आली. वाऱ्यानं दोन्हींची भुकटी उडत होती.

मी माझ्या खोलीत जाऊन उभी राहिले. हात पसरले तर एक हात रेघेच्या बाहेर जात होता. मग वाकून, वहीच्या पट्टीनं टेबलाची जागा मोजली. उठले, पुन्हा मोजली.

तात्या पुढच्या बाजूनं फिरून आले आणि खिडकी जिथं येणार तिथं, समासात, उभे राहिले.

“हितं खिडकी?”

“व्हय.”

“मग हितं हुभा ऱ्हाऊन मी तुला हाक मारली, तर नेमात बसतंय न्हवं?”

ते इतक्या मोठ्यानं बोलले, की पलीकडच्या प्लॉटवरच्या माणसानं मान वर केली.

“बहुतेक,” मी म्हटलं.

“बहुतेक काय? हाय का न्हाय?”

“हाय, तात्या.”

“काय?”

“हाय!” मी ओरडले.